कटरची मोटर

मोटर जागेवर नव्हती.

शेडचं दार लोटून मी आत शिरले तेव्हा आधी काहीच वेगळं वाटलं नाही. भुशाचा आणि सरसाचा वास तोच, भिंतीला टेकवलेल्या कडुलिंबाच्या फळ्या त्याच, अर्धवट राहिलेल्या चौकटी अण्णांनी ठेवल्या होत्या तशाच एकीवर एक. मग नजर लाकूड चिरायच्या कटरच्या टेबलाखाली गेली. तिथं नेहमी एखाद्या काळ्या डुकरासारखी फतकल मारून बसलेली मोटर गायब होती. ती ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर बसायची त्यांच्या खाचा रिकाम्या दिसत होत्या. पट्टा वरच्या पुलीवरून जिभेसारखा लोंबत होता. आणि स्टार्टरमधून आलेल्या वायरींची टोकं कुणीतरी नीट चिकटपट्टी गुंडाळून बाजूला ठेवली होती.

चोर काही वायरींना चिकटपट्टी लावत बसत नाही.

मी तशीच मागं फिरले आणि घरात गेले. शेड आणि घर यांच्यामध्ये आमचं एवढंसं अंगण. आई उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती.

"आई, मोटर कुठंय?"

"काकांनी नेली."

"कधी?"

"तू साताऱ्याला सामान आणायला गेली होतीस तेव्हा."

तिनं मान वर केली नाही. अण्णांचं, माझ्या वडलांचं, तेरावं नुकतंच झालं होतं. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडलेले होते. मी साताऱ्याच्या कुरिअर ऑफिसातली नोकरी कायमची सोडून, खोली रिकामी करून, गाद्या-भांडी टेम्पोत घालून लोणंदला परत आले होते, ते शेड चालवायची म्हणून. आणि इकडं सख्ख्या काकानं कटरची मोटर उचलून नेली होती. मोटरीवाचून कटर म्हणजे नुसतं टेबल.

"नेली म्हणजे काय? आणि तू नेऊ दिलीस?"

खडा सापडला तो तिनं अंगणात भिरकावला.

मी मूळची तापट. अण्णा म्हणायचे, पोरीच्या नाकावर राग बसलेला असतो. पण त्या दिवशीचा राग नाकावरचा नव्हता, पार तळपायापासून वर आलेला होता. चपला घातल्या आणि तडक बाजारपेठेत निघाले.

सोपानकाकांची मिरची कांडपाची गिरणी एसटी स्टँडच्या मागं होती. अण्णांचे ते धाकटे भाऊ. लहानपणापासून आम्हाला जत्रेला नेणारे, दिवाळीला फटाके आणणारे, अण्णांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढणारे. म्हणून तर जास्तच झोंबलं. परक्यानं नेली असती तर पोलिसात गेले असते.

गिरणीत बायकांची गर्दी होती. सगळ्यांनी नाकाला पदर लावलेले. मी आत शिरले आणि दारातूनच ओरडले, "काका, आमची मोटर कुठाय?"

काकांनी मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"वैजू, घरी बोलू आपण. संध्याकाळी येतो मी."

"घरी कशाला? नेताना घरी बोलला होता का? माझा बाप जाऊन किती दिवस झाले हो? मांडवाचे बांबू तरी उचलू द्यायचे होते!"

"हळू बोल."

"का हळू बोलू? चोरी मी केलीय का?"

काकांचं तोंड मिरचीच्या भुकटीनं आधीच लाल होतं, ते आणखी लाल झालं. त्यांचं लक्ष क्षणभर कोपऱ्याकडं गेलं आणि मीही तिकडं पाहिलं. तिथं पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी जाऊन पोतं ओढलं. आमचीच मोटर. पुलीसकट. ना कशाला जोडलेली, ना पुसलेली. अण्णांच्या हाताचे तेलाचे ठसेसुद्धा जसेच्या तसे.

मला वाटलं होतं त्यांनी ती त्यांच्या गिरणीला बसवली असेल, धंदा वाढवायला नेली असेल. त्याचा तरी काही अर्थ लागला असता. ही तर नुसती अडगळीत टाकलेली.

"वापरत पण नाही! मग नेली कशाला? आमच्या पोटावर पाय द्यायला?"

"तुझ्या आईला विचार," काका म्हणाले. आवाज अगदी खाली गेलेला. "मला बोलायला लावू नकोस वैजू. मला काय हौस नव्हती."

आईला विचार! म्हणजे आईनंच दिली. डोक्यात तेवढंच शिरलं. मी परत घरी आले ती आईवर तुटून पडायलाच.

"तूच दिलीस ना मोटर? मग सांगायचं ना मला. मी नोकरी सोडायच्या आधी सांगायचं! लोकांपुढं माझा तमाशा झाला तिथं. पडलीय तिथं कोपऱ्यात, पोतं टाकून. वापरत पण नाहीत ते!"

आईचा हात तांदळात थांबला.

"वापरत नाहीत?"

"नाही. झाकून ठेवलीय."

आई उठली. सूप बाजूला सारलं. पदर खोचला, कोनाड्यातला सतरा-एकोणीसचा पाना उगीचच हातात घेतला, परत ठेवला, आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"मोटर आणायला. कांदा मार्केटपासनं हातगाडी घे कुणाची तरी."

माझ्या रागाला एकदम कुठं जावं ते कळेना. माझी आई, इंदुमती श्रीपती सुतार, नवरा गेल्यापासून अंगणाबाहेर पडली नव्हती. बायका म्हणत होत्या महिनाभर तरी बाहेर पडू नये. आणि ती भर दुपारी, बोडक्या कपाळानं, बाजारपेठेतून हातगाडी ढकलत निघाली. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. कुणी म्हणालं, "काकू, कुठं निघाला?" तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं, आणि आई जणू त्या चाकावरच चिडल्यासारखी ते प्रत्येक खड्ड्यात आपटत होती.

गिरणीच्या दारात काका आडवे आले.

"वहिनी, मी सांगितलं ना तुम्हाला, कुणाचा शब्द आहे तो."

"इथं नको," आई म्हणाली. "बाजूला व्हा भावजी."

"वहिनी, ऐका तरी."

"मी ऐकलं होतं. तुम्ही मोटर काढत होता तेव्हा मी स्टुलावर बसून ऐकलं. आता बाजूला व्हा."

आणि ते झाले. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर चिडण्यापेक्षा भलतंच काहीतरी होतं, पण माझ्याजवळ तेव्हा ते ओळखायला सवड नव्हती. आईनं मोटरीचं एक टोक धरलं, दुसरं मी. भयंकर जड. गाडीपर्यंत नेता नेता दोघींची बोटं पांढरी पडली. गिऱ्हाईक बायकांपैकी एक म्हातारी पुढं झाली आणि खालून हात लावला. काका दारात उभे होते. शेवटी त्यांनाही राहवलं नाही. मोटर गाडीच्या कडेला अडली तेव्हा त्यांनी मागून रेटा दिला. आईनं त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही.

मोटर आणणं एक आणि बसवणं एक, हे शेडमध्ये आल्यावर कळलं.

मला कटर माहीत होतं ते पॉलिशच्या कोपऱ्यातून. सुट्टीत आले की मी अण्णांच्या दारांना पॉलिश पेपर मारायची, सरस घोटायची. कटरजवळ जायची मला सक्त मनाई. "वैजू, लांब!" ही हाक मी हजारदा ऐकली असेल. चौथीत असताना, दहावीत असताना, आणि नोकरीला लागल्यावर सुद्धा. अण्णांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पेऱ्यातून गेलेलं होतं, त्यामुळं त्या मनाईचं कारण कुणी विचारायचं नाही.

आईला कटर माहीत होतं ते मागून. अण्णा समोरून फळी पात्यात सारायचे, आणि आई टेबलाच्या मागच्या बाजूला उभी राहून चिरत आलेली फळी ओढून घ्यायची. मदतनीस टिकत नव्हते, टिकले तर परवडत नव्हते. लग्न होऊन आली तेव्हापासून आई मागच्या बाजूला. घरात भाजी शिजत घालून यायची, लांबलचक फळी ओढायची, परत जाऊन भाजी बघायची.

आम्ही मोटर त्या दोन पट्ट्यांवर चढवली. पट्ट्यांना लांबट खाचा होत्या, त्यातून बोल्ट जायचे, म्हणजे मोटर पुढं-मागं सरकवता येई. मागं सरकवली की पट्टा ताणला जायचा. मी बोल्ट घातले, नुसते हातानं फिरवून ठेवले. मग मेन स्विच पाडून वायरी जोडल्या. पट्टा चढवायच्या आधी नुसती मोटर फिरवून बघू म्हटलं. आई म्हणाली, अण्णाही असंच करायचे.

स्टार्टर दाबला. मोटर घुर्रकन फिरली.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"उलटी आहे," आई म्हणाली.

"कशी उलटी? पुली अशी फिरतेय बघ."

"पात्याचे दात माझ्यापासनं लांब जायचे. वरच्या अंगानं तिकडं, ह्यांच्याकडं. ही पुली वरून माझ्याकडं येतेय."

ती सवयीनं मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बघितलं. खरंच. तशीच पट्टा चढवून फळी लावली असती तर पात्यानं ती उचलून कुठं भिरकावली असती कोण जाणे. मेन पाडून मी तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. परत फिरवली. आता पुली वरून समोरच्या बाजूला पळत होती.

"हां," आई म्हणाली.

पट्टा चढवला. दोन्ही पुल्यांच्या कडेला दोरी ताणून धरली, खालची पुली वरचीच्या रांगेत येईपर्यंत मोटर डावी-उजवीकडं ठोकली. मग पाना घेऊन मी बोल्ट आवळायला लागले. मोटर मागं ओढायची आणि त्याच वेळी आवळायचं, ही दोन कामं एकदम करायची होती. आई दोन्ही हातांनी ओढत होती. तिचे पाय भुशात घसरत होते. कसेबसे चारही बोल्ट बसले.

"चौकटीचा एखादा तुकडा दे," आई म्हणाली.

मी कटरसमोर उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा. तुकडा टेबलावर ठेवला, स्टार्टर दाबला, पातं गरगरलं, आणि मी तुकडा पुढं सारला. चार बोटं आत गेला असेल नसेल, पातं लाकडात अडकून थांबलं. खाली मोटर मात्र फिरतच राहिली. पट्ट्यानं असा काही गळा काढला की अंगावर काटा आला, आणि जळक्या रबराचा धूर टेबलाखालून वर यायला लागला.

आईनं झेप घेऊन स्टार्टर बंद केला.

"ढिला आहे! म्हटलं होतं मी आणखी ओढू म्हणून!"

"तूच ओढत होतीस ना? मी आवळत होते!"

"तुला आवळायची घाई!"

"मला घाई? मोटर घालवून बसलीस तू, आणि घाई मला?"

आम्ही दोघी तिथं घामाघूम, तोंडाला भुसा चिकटलेला, वेड्यासारख्या ओरडत होतो. परत बोल्ट सैल केले. परत ओढलं. मोटर बोटभर मागं यायची आणि आईची पकड सुटली की पट्टा तिला परत पुढं ओढून घ्यायचा. तिसऱ्या वेळी पाना निसटला आणि माझी बोटांची पेरं लोखंडावर सोलवटून निघाली. मी पाना भिंतीवर फेकला.

"एक सांग मला," मी म्हणाले. "त्यांनी मागितली आणि तू दिलीस?"

"मी दिली नाही. त्यांनी मागितली पण नाही. आले, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला, आणि मोटर काढायला बसले."

"आणि तू बघत बसलीस!"

"हो, बसले बघत!" आई किंचाळलीच. "कारण ते म्हणाले, दादानं सांगितलंय म्हणून! मला वाटलं, भावाला गिरणीसाठी दिली असेल!"

मला काही कळेना.

"काय सांगितलंय? कोणी, अण्णांनी?"

दारात सावली पडली. सोपानकाका उभे होते. गिरणी बंद करून आले असावेत, अंगावर मिरचीचा लाल थर तसाच. त्यांनी चपला बाहेर काढल्या. शेडमध्ये कुणी चपला काढत नाही. त्यांनी काढल्या.

"मीच सांगतो," ते म्हणाले. "वैजू, बस."

"मी उभी आहे. सांगा."

"दादानं दवाखान्यात माझा हात धरला. म्हणाला, सोपान, माझ्यामागं ती मोटर काढून ने. शेड कुणाला तरी भाड्यानं दे, खताच्या दुकानवाल्याला दे. वैजूचं कुठं जमतं का बघ. पण मोटर आधी ने, नाहीतर ह्या दोघी त्या कटरपुढं उभ्या राहतील. मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? चार दिवसांचा सोबती समोर पडलेला."

बाहेर रस्त्यावरून कांद्याचा ट्रक गेला, पत्रे थरथरले.

मी अण्णांना त्याच दवाखान्यात विचारलं होतं. नोकरी सोडू का, शेड बघू का, हळूहळू शिकेन मी. एकदा नाही, दर वेळी गेले की विचारायचे. ते डोळे मिटून म्हणायचे, "बघू." मी त्या "बघू"वर माझी खोली सोडली होती. आणि ते "बघू" म्हणत असताना त्यांचं सगळं ठरलेलं होतं. शेडचा भाडेकरूसुद्धा ठरलेला होता!

"मला का नाही सांगितलं?" मी म्हणाले. "मी दर वेळी विचारत होते त्यांना!"

"काळजी होती गं त्याला. बोट गेलेलं होतं त्याचं. त्याला भीती वाटायची."

"भावजी," आई म्हणाली.

तिचा आवाज आता अगदी हळू होता. मला त्या हळू आवाजाची जास्त भीती वाटली.

"त्यांचं बोट गेलं तेव्हा फळीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?"

काका खाली बघायला लागले.

"सांगा की. कुणाच्या?"

"तुमच्या."

"भुशातनं बोट कुणी शोधलं? रुमालात बांधून दवाखान्यात कुणी नेलं? परत येऊन हे टेबल कुणी पुसलं? त्यांनी दुसऱ्या महिन्यात परत फळी लावली तेव्हा मागं कोण उभं होतं? तेव्हा नाही वाटली भीती माझी?"

"वहिनी, तसं नव्हतं त्याच्या मनात."

"हे तुम्हाला कधी बोलले ते?"

"शेवटच्या आठवड्यात. दुपारी."

"मी कुठं होते?"

"तुम्ही नव्हता."

"मी रात्रंदिवस तिथंच होते. खाटेखाली झोपत होते. मी कुठं होते?"

काकांनी जरा आठवलं. "तुम्ही खाली चहा आणायला गेला होता, वहिनी."

आई टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मला म्हणाले, सोपान आलाय, त्याला चहा आण. मी म्हटलं, किटलीत आहे थोडा. म्हणाले, तो गार झालाय, ताजा आण. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, एवढ्या दुखण्यात भावाला ताजा चहा पाजायचं सुचतंय." ती थांबली. "तीन जिने उतरून गेले मी. ग्लास भरलेले घेऊन चढले. तुम्ही प्यालात तो."

काकांनी तोंडावरून हात फिरवला. हाताची मिरची डोळ्यात गेली असावी, का आणखी काही, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"माझं चुकलं वहिनी."

"तुमचं नाही चुकलं. तुम्ही शब्द दिला, तो पाळला. तुमच्यावर नाही राग माझा." ती हे इतक्या रागानं म्हणाली की काका एक पाऊल मागं सरले. मग तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि त्यांच्यापुढं धरली. "आलाच आहात, तर ही धरा."

"काय करू?"

"मोटरीच्या पुढच्या बाजूनं घाला आणि मागं रेटा. आमच्या दोघींच्यानं ओढत नाही."

"वहिनी, दादानं मला..."

"रेटा म्हटलं ना!"

काकांनी पहार घेतली. मोटर आणि चौकटीच्या मधल्या फटीत घातली आणि भार दिला. मोटर करकरत मागं सरकली. मी पाना उचलून आणला, खाली बसले.

"अजून," आई म्हणाली.

त्यांनी आणखी रेटा दिला. पट्टा तारेसारखा ताठ झाला. आईनं वाकून दोन पुल्यांच्या मध्यावर पट्टा अंगठ्यानं दाबला. तो हललाच नाही.

"जास्त झाला. असा ठेवला तर बेअरिंग तापतं. सोडा जरा. आणखी जरा. थांबा."

तिनं परत दाबला. पट्टा किंचित खाली गेला, अंगठा काढल्याबरोबर वर आला. तिनं पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"आवळ," ती मला म्हणाली.

मी आवळलं. एकेक बोल्ट, आळीपाळीनं, सगळं अंग लावून. माझ्या पेरांतून रक्त येत होतं, ते पान्याला लागत होतं. काका पहारीवर ओणवे होऊन उभे होते. भावाला दिलेला शब्द ते स्वतःच्या वजनानं मोडत होते, आणि त्यांना ते कळत होतं. त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याविषयी दया यायला हवी होती. नाही आली. मला अण्णांना जाऊन गदागदा हलवायचं होतं, आणि अण्णा नव्हते. तो राग मी त्या बोल्टांवर काढला. नंतर कितीतरी वर्षं त्यांतला एकही बोल्ट ढिला झाला नाही.

"झालं," मी म्हणाले.

"या आता," आई काकांना म्हणाली.

काकांनी पहार भिंतीला टेकवली. बाहेर जाऊन चपला घातल्या. दारातून एकदा वळून बघितलं आणि गेले.

नातं काही तुटलं नाही. दिवाळीला ते आले, माझ्या लग्नात त्यांनीच कन्यादान केलं, आणि गिरणीवर आलेल्या किती गिऱ्हाइकांना त्यांनी दारं-चौकटींसाठी आमच्याकडं पाठवलं त्याला गणती नाही. आई त्यांना पाटावर बसवून वाढायची, पोळीवर तूप जास्तच घालायची. फक्त त्या दिवसानंतर तिनं त्यांच्यासाठी कधी चहा टाकला नाही. ते आले की मला हाक मारायची. मी टाकायचे. आणि अण्णांबद्दल बोलायची वेळ आली की ती चांगलंच बोलायची, बायका करतात तसं उगाच गोड करून नव्हे, त्यांच्या हाताचं, कामाचं, खरं तेच. पण त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी सकाळी सकाळी शेड उघडून ती आधी एखादी फळी चिरायची आणि मगच स्वयंपाकाला लागायची. का, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, कारण त्या पहिल्या दिवशी मी तिथं होते.

काका गेल्यावर मी परत कटरच्या समोर जाऊन उभी राहायला लागले, तर आई म्हणाली, "तू मागं जा."

"मागं?"

"फळी ओढायला. मी लावते."

"तू कधी लावलीयस?"

"तूही नाही लावलीस. जा."

मी मागं गेले. तिथल्या जमिनीला एक खळगा पडलेला होता, बरोबर दोन पावलांचा. पायांना भुसा मऊ लागला. समोर आईनं पदर कमरेला घट्ट आवळला, बांगड्या नव्हत्याच, कडुलिंबाची एक लांब फळी उचलून टेबलावर ठेवली आणि गाईडच्या सरळ पट्टीला टेकवली. तिनं हात एकदा साडीला पुसले. मग स्टार्टर दाबला.

मोटर उठली. पट्ट्यानं पुली नीट धरली. ना किंचाळला, ना धूर. पातं गोल गोल फिरत दिसेनासं झालं, आणि शेड त्या आवाजानं भरून गेली. आईनं फळी पुढं सारली. पात्यानं लाकूड धरलं, पांढरा भुसा फवाऱ्यासारखा उडाला आणि फळीचं टोक हळूहळू माझ्याकडं यायला लागलं.

मी ते धरलं आणि वर बघितलं. आईचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं मला काही सांगतेय, जोरात ओढ किंवा हळू ओढ. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. तिची नजर पात्यावर होती, आणि ती बोलत होती. जोरात बोलत होती, गळ्याच्या शिरा ताणून, थांबून थांबून, मधेच मान झटकून, एखाद्या माणसाला समोर उभं करून खडसावावं तशी. त्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. फळी लांब होती. ती संपेपर्यंत आई बोलत होती.

दोन तुकडे माझ्या हातात आले. आईनं मशीन बंद केलं. पातं हळूहळू थांबलं.

"काय म्हणत होतीस?" मी विचारलं.

"तुला नव्हतं," ती म्हणाली, आणि पदरानं तोंडावरचा भुसा पुसला. "दुसरी फळी घे."